शिबिराची वेळ आणि शेवटची बस

मा. संपादक,
स. न.

सुटी लागली की गरजू विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या जीवनकौशल्य आणि आरोग्य शिबिरांच्या बातम्या फोटोसकट छापून येतात. आयोजकांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात इतकी वर्षं शिकवल्यामुळे असा फोटो पाहताना मी आधी त्यात कोण नाही ते शोधते. धनगरवाड्यावरची मुलं त्यात क्वचितच दिसतात.

शिबिर तालुक्याच्या गावी, सभागृहात. पाहुणे उशिरा येतात, समारोप लांबतो. शेवटची कदंब (गोव्याची सरकारी बस) चुकली तर पोरगी रानातून एकटी कशी येणार, म्हणून आईच पाठवत नाही. त्यात मार्च ते मे काजूचा हंगाम. आईबाप पहाटेच बागेत, थोरलं मूल बोंडू गोळा करायला त्यांच्याबरोबर, नाहीतर धाकट्याला सांभाळत घरी. नेमके हेच दिवस आपण शिबिराला निवडतो! (दिवसभर भावंडाला सांभाळणारी दहा वर्षांची पोर खरं तर आपल्यालाच चार कौशल्यं शिकवील.)

शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. एकदा माझ्या वर्गाच्या खिडकीखाली त्या गोळ्यांचा सडा सापडला. मी रागावले. मधल्या सुटीत एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘बाई, मळमळतं, आणि परसाकडेला काळं होतं. घरी म्हणतात, या गोळीनं पुढं मूल होत नाही.’’ लोहामुळे शौच काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी उपाशीपोटी घेऊ नये, तिच्यावर लगेच कोरा चहा पिऊ नये. सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण दोनशे मुलांच्या सभागृहात, माईकसमोर, ही मुलगी तोंड उघडणार होती का? शिवाय अफवा घरातली, तेव्हा समजावायचं ते आईलाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचं प्रमाण 2015-16 मध्ये सुमारे 31 टक्के होतं, 2019-21 मध्ये ते 39 वर गेलं. गोळ्या वाटल्या म्हणजे पोटात गेल्या असं नव्हे.

माकडतापाचंही तेच. 2015 पासून सत्तरीने तो सोसला आहे. तो पसरवणारी गोचीड रानात असते आणि माणसं रानात जातात ती काजूसाठीच. बागेत जाताना अंगभर कपडे, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं, हे या मुलांना जानेवारीतच सांगायला हवं. हात धुण्याचं गाणं तर ती बालवाडीतच शिकली आहेत.

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं होतातच. त्यातली काही डिसेंबर-जानेवारीत वाड्यावरच घ्यावीत. गुरं बांधून झाल्यावर, संध्याकाळी, कुणाच्या तरी अंगणात. आरोग्य केंद्राची परिचारिका आणि अंगणवाडी सेविका सोबत असाव्यात, कारण शिबिरार्थी परत गेले तरी त्या तिथेच असतात. मुलांसाठीचा 1098 हा मदतीचा नंबर दारामागे खडूने लिहून द्यावा. आणि महिन्याभराने पुन्हा एक फेरी, बॅनरशिवाय.

सभागृहातच घ्यायचं असेल, तर निमंत्रणपत्रिका छापण्याआधी त्या वाटेवरच्या कदंबच्या कंडक्टरला शेवटच्या बसची वेळ तरी विचारावी.

– एक निवृत्त शिक्षिका, वाळपई (सत्तरी)