परिवीक्षेच्या अटी हलक्यात घेऊ नका

महोदय,

पहिल्या गुन्ह्यात तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सुटका, म्हणजेच परिवीक्षा, मिळाली की प्रकरण मिटले, असा समज खान्देशात सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 नुसार न्यायालय दोष माफ करत नाही, तर शिक्षा सुनावण्याचा अधिकार जास्तीत जास्त तीन वर्षे स्वतःकडे राखून ठेवते. अट मोडल्याचे देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा अन्यथा दिसल्यास कलम 9 खाली वॉरंट किंवा समन्स निघू शकते. पहिल्या भंगाला बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडावर भागू शकते (हा आकडा आज हास्यास्पद वाटतो आणि बेफिकिरीला तोही कारणीभूत असावा). पुन्हा अट मोडणाऱ्याला मात्र ही पळवाट उरत नाही. त्याला मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते, आणि तशी झाल्यास दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून कलम 12 देत असलेले संरक्षणही जाते. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाला याची झळ तुरुंगापेक्षा जास्त लागते.

तथापि, नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारा परिवीक्षेवरील मजूर परिवीक्षा अधिकाऱ्याकडील हजेरी चुकवतो, तेव्हा त्याला निर्ढावलेला मानणे योग्य नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून कलम 8 खाली न्यायालयाला अटी बदलता येतात. असे अर्ज दिवाळीपूर्वी, स्थलांतर सुरू होण्याआधीच व्हावेत, आणि बंधपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी त्यातील अटी भिली, पावरी किंवा अहिराणीत समजावून सांगितल्या जाव्यात, अशी संबंधित विभागाला विनंती आहे.

— एक वाचक, शहादा