‘पावित्रा’ नव्हे, ‘पवित्रा’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘विरोधकांचा आक्रमक पावित्रा’, ‘कर्मचारी संपाच्या पावित्र्यात’ असे मथळे अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. आपल्या पुणे पुरवणीतही ते दिसू लागल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

शब्द ‘पवित्रा’ असा आहे आणि ‘पवित्र’ किंवा ‘पावित्र्य’ यांच्या अर्थाशी त्याचा काहीही संबंध नाही. दांडपट्टा, तलवार, फरीगदका किंवा कुस्ती खेळणारा समोरच्यावर चालून जाण्यापूर्वी, अथवा त्याचा वार चुकवण्यासाठी, पायांची आणि अंगाची जी ठेवण करतो तिला पवित्रा म्हणतात. हिंदीतील ‘पैंतरा’ हे त्याचेच भावंड. त्याचे मूळ हिंदी कोशकार संस्कृत ‘पदान्तर’ या शब्दात, म्हणजे पाऊल बदलण्यात, दाखवतात. मराठीत ‘पवित्र’ हा शब्द रोजच्या ओळखीचा असल्यामुळेच उच्चार तिकडे झुकला असावा, असे मला वाटते. मात्र सामान्यरूप ‘पवित्र्यात’, ‘पवित्र्याने’ असेच होते. ‘पावित्र्यात’ लिहिले की संपावर निघालेले कर्मचारी थेट सोवळ्यात जाऊन बसतात आणि वाक्याचा अर्थच नाहीसा होतो.

या शब्दाचे मोल दांडपट्ट्याच्या खेळात सर्वांत चांगले कळते. पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि दुधारी असते; पण त्याची मूठ तलवारीसारखी मोकळी नसते. मनगट आणि कोपराखालचा बराचसा हात लोखंडी आवरणात बंद असल्याने मनगट वळवून वार करण्याची सोय उरत नाही. पट्ट्याचा सारा फेर खांद्यातून आणि कोपरातून घ्यावा लागतो, आणि त्याला जोर मिळतो तो पावलांमुळे. पाऊल चुकले की पाते भलतीकडे जाते, म्हणून शिकवणारे वस्ताद आधी पायांकडे पाहतात. विसर्जन मिरवणुकीत मर्दानी खेळांचे पथक आले की गर्दीचे डोळे लखलखत्या पात्यावर असतात. जाणकार मात्र जमिनीकडे पाहत असतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्याच्या आखाड्यातला शब्द नीट लिहिणे हाही त्या सन्मानाचाच भाग मानला पाहिजे.

ज्या तलवारबाजीत भवानी देवी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून प्रथमच उतरल्या, त्या युरोपीय खेळातही लढत सुरू करण्याआधी पंच खेळाडूंना पवित्रा घ्यायला सांगतात. पुढचे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने, मागचे त्याच्याशी काटकोनात, दोन्ही गुडघे किंचित वाकलेले. वार अजून झालेला नसतो, पण पुढे झेपावायचे की मागे सरकायचे, या दोन्ही वाटा त्या उभे राहण्यात खुल्या असतात.

म्हणूनच पवित्रा म्हणजे निर्णय नव्हे आणि कृतीही नव्हे. तो समोर प्रतिस्पर्धी आहे म्हणून घेतला जातो, आणि प्रतिस्पर्धी हलला की बदलावा लागतो. राजकारणात ‘सावध पवित्रा’ किंवा ‘पवित्रा बदलला’ हे प्रयोग चपखल बसतात ते यामुळेच. उलट, संप सुरू होऊन दोन दिवस झाल्यावरही ‘संपाचा पवित्रा’ लिहिणे चूक आहे, कारण तेव्हा वार होऊन गेलेला असतो. ‘संस्थेने मदतीचा पवित्रा घेतला’ हेही खटकते. मदत करणाऱ्यापुढे प्रतिस्पर्धी कोण? तिथे ‘मदतीची तयारी दाखवली’ असे साधे लिहिले तर काहीच बिघडत नाही. ‘भूमिका’, ‘इशारा’, ‘धोरण’ हे शब्दही हाताशी आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

आपल्या मुद्रितशोधकांना ‘पावित्रा’ हे रूप दिसेल तिथे दुरुस्त करण्याची सूचना द्यावी आणि संकेतस्थळावरील जुन्या बातम्यांच्या मथळ्यांतही शक्य तेवढी सुधारणा करावी, ही विनंती.

कळावे,
आपली नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे