उसण भरली म्हणालीस म्हणून

नौपाडा, ठाणे

चिऊ,

काल फोनवर सहज सांगितल्यासारखं सांगितलंस, आई, सासूबाईंना उचलताना पाठीत जरा उसण भरलीये, होईल बरी. तुझी आजी झोपून होती तेव्हा मीपण असंच होईल बरी म्हणत दोन वर्षं काढली, बाम चोळायचा नि परत उचलायला जायचं. आता तलावपाळीला एक चक्कर मारली की कठड्यावर बसावं लागतं ते त्याचंच.

माझ्या फिजिओबाई म्हणायच्या, अमेरिकेत निऑश म्हणून सरकारी संस्था आहे, तिने नर्सलासुद्धा पेशंट हाताने उचलायला 35 पाउंड म्हणजे साधारण 16 किलोची हद्द सांगितलीये. तुझ्या सासूबाई साठ किलोच्या तरी असतील. मग ‘नीट वाकून उचलते गं मी’ या तुझ्या म्हणण्याला काय अर्थ आहे, उचलायचंच नाही. पाठीखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुमडलेली चादर कायम ठेव, वर सरकवायचं तर दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. कुशीवर घेताना आधी त्यांचा गुडघा वाकवायचा, मग खांदा आणि कंबर धरून वळवायचं, हे एकटीला जमतं.

पण खरी गडबड तुमच्या पलंगाची आहे. सिडकोची खोली, जागा नाही, म्हणून भिंतीला चिकटवलाय, त्यामुळे तू कायम एकाच बाजूने ओणवी, डायपर बदलतानाही पलीकडे हात लांब करून, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दिवसात 12 वेळा तेच. टीव्हीचं टेबल जाऊ दे गॅलरीत, म्हणजे पलंग भिंतीपासून सरकवता येईल. पलंगाखाली ठोकळे लावायचा मोह मलाही झालेला, पण मग बसवलं की पेशंटचे पाय जमिनीला टेकत नाहीत. त्यापेक्षा तूच एक गुडघा गादीवर टेकव, लाजू नकोस.

व्हीलचेअर सासूबाईंच्या चांगल्या, म्हणजे लकवा नसलेल्या बाजूला, ब्रेक लावून. तुझ्या गळ्यात हात टाकू देऊ नकोस, मान जाते तुझी. आणि लकव्याच्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नकोस, खांदा निखळतो बिचाऱ्यांचा.

तुझ्या पायात मुंग्या उतरायला लागल्या तर डॉक्टरकडे जायचं, लघवीवरचा ताबा गेल्यासारखा वाटला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल.

रविवारी दहाच्या पनवेल लोकलने येते. जावईबापूंना घरी थांबायला सांग, पलंग ते सरकवतील, तू हात लावायचा नाहीस.

आई