दिवसाला ४४ किलोमीटर

दादर, मुंबई

प्रिय अवधूत,

तुझं सायकलवरच्या जगफेरीचं वेळापत्रक मिळालं. रात्री जागून वाचलं. मार्ग छान आखलायस, सामानाची यादीही नेमकी आहे. पण रोज १२० किलोमीटर हे काही पटत नाही रे.

अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा. आमच्या मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची ही पोरं. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा जण सायकलवर निघाले आणि १८ मार्च १९२८ ला हे तिघे जगाला फेरी मारून घरी आले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश... ७१,००० किलोमीटर! ऐकूनच छाती दडपते. मग मी भागाकार करून बघितला. दिवसाला सरासरी ४४! तुझी रविवारची सिंहगड पायथ्याची फेरीसुद्धा जवळपास तेवढीच होते.

बगदादहून अलेप्पोला जाताना त्यांनी वाळवंट ओलांडलं, ९५६ किलोमीटर, २३ दिवसांत. तिथेही सरासरी चाळिशीच्या घरातच. त्या वाळूत सायकल चालवली किती असेल आणि ढकलली किती असेल, याचाच विचार करत बसलो होतो. (उरलेले तिघे वाटेत थांबले, म्हणून त्यांना कमी लेखू नकोस हं. मुंबईहून तेव्हा निघणं हीच छातीची गोष्ट होती.)

वर्षानुवर्षं रस्त्यावर राहायचं म्हणजे ताप येणार, व्हिसा अडकणार, बोट चुकणार. कुणी आग्रहाने चार दिवस ठेवूनही घेईल. १२० चा हिशेब डोक्यात ठेवलास, तर जेवायला बोलावणारा माणूससुद्धा तुला अडथळा वाटायला लागेल. मला त्याचीच भीती वाटते.

आणि भरल्या सायकलीवर सराव कर. गेल्या रविवारी मी कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधून घोडबंदरच्या पुढे वसई खाडीच्या पुलावर गेलो. समोरून वारा, शेजारून ट्रेलर. प्रत्येक ट्रेलर गेला की हँडल आधी बाहेर ढकललं जायचं, मग ट्रेलरकडे ओढलं जायचं. रिकाम्या सायकलीवर हे कळतच नाही.

तेव्हा वेळापत्रकातला रोजचा आकडा निम्मा कर आणि वर्षं वाढव. पैशांचं गणित त्याने बदलेल, ते आपण बसून करू. काकूंनाही परतीची तारीख सांगू नकोस, दर आठवड्याला फोन करीन एवढंच सांग. निघायचा दिवस ठरला की कळव. तलासरीपर्यंत मी सोबत येणार, पुढे गुजरात तुझा.

तुझा,
सुहास