चाचा, तंबोरा पुन्हा बोलायला लागला!

मिरजेच्या सतारमेकर चाचांना सप्रेम नमस्कार.

खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, छेडली की आता गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. आधी हे सांगायचं होतं, बाकीचं नंतर.

तुमच्याआधी एका दुकानात 'तारा बदलल्या की काम झालं' म्हणून जाड तारा चढवल्या गेल्या. दुखणं होतं घोडीत, तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यात. तारांनी तिला चरे पडले होते आणि चऱ्यात रुतलेली तार मोकळी हलत नाही. ते चरे घालवायला जाड सँडपेपर मारून घोडीच सपाट केली. आवाज मेल्यावर प्रत्येक तारेखाली दुहेरी सूत सारलं आणि पैसे घेतले जवारीचे, म्हणजे तारेला तो भरलेला, गुंजणारा आवाज आणण्याचे! घोडीला वरून अगदी हलका बाक हवा, त्या उतारावर तार टेकत-सुटत राहिली तरच जवारी. सुताने तार केसभर उचलता येते, गेलेला बाक कुठून येणार?

तुम्ही कानशीला हात लावण्याआधी विचारलंत, "गाणार कुठल्या पट्टीत?" 'काळी एक' (पेटीची पहिली काळी पट्टी) या उत्तरावरही भागलं नाही. सा लावायला सांगितलात, डोळे मिटून ऐकलात, मग तारा सैल केल्यात. खरे आभार त्या सा ऐकण्याचे. काळी एकची जवारी काळी दोनला तशीच बोलेल असं नाही. तार ताणली की तिचा झोका आखडतो, उतारही त्याच्या बेताने लागतो. हे ठाऊक असणारे पुष्कळ असतील, विचारणारे किती?

पुढचं काम म्हणजे दोन हात कानस, तार चढवा, ऐका, उतरवा, पुन्हा. पंचम आणि जोड (मधल्या सा च्या दोन तारा) लवकर जुळले. पितळी खर्ज जाड, तिथे तुमचा हात रेंगाळला. चारही तारांचा आवाज एकाच जातीचा येईपर्यंत तुम्ही उठला नाहीत. तुमच्याकडचे जुने कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. लोखंड कुठे थांबवायचं हे त्या हातांना कळणारच.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, छानच झालं. पण शिक्का बसला म्हणून सचोटी येत नाही. हाडाची नवी घोडी सहज गळ्यात मारता आली असती. तुम्ही जुनीच उलटसुलट पाहून म्हणालात, "हिच्यात अजून जीव आहे."

वर सुताची गुंडीही दिलीत, पैसे न घेता. पावसाळा सरला की तंबोरा दाखवायला आणतो. तोवर तारा तुम्ही सांगितल्या त्याच मापाच्या राहतील.