दादाच्या कागदांविषयी, आणि थोडं आपल्याविषयी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आम्ही पुण्याला सुखरूप पोचलो. दादाचं पुढं काय, हा विषय फोनवर काढला की बाबा क्रिकेटवर जातात आणि आई, तुझा आवाज भरून येतो, म्हणून लिहिते आहे.

भाऊबीजेला आत्या म्हणाली, "पुढं तुलाच बघायचंय त्याचं." त्यावर आई, तू म्हणालीस, "तिला कशाला अडकवायचं? आम्ही आहोत की." मला दोन्ही वाक्यं लागली. आत्यानं मला गृहीत धरलं आणि तू मला बाजूला ठेवलंस. दादाच्या बाबतीत मला विचारा, एवढंच मागणं आहे. विचारलंत तर मी हो म्हणणार आहे.

अभ्यंगस्नानाच्या दिवशी दादाला तेल लावताना तुझा खांदा वर जात नव्हता. बाबा त्याच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसले, ते कॉटला धरूनच उठले. आणि दादाही बदललाय. वर्कशॉपमध्ये उटण्याच्या पुड्या मोजून भरणारा आपला दादा यंदा मोजताना अडखळत होता. तू त्याला हट्टीपणा म्हणतेस. मला तसं वाटत नाही. दादाला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे, त्यात थायरॉइडचा त्रास सर्रास होतो, आणि चाळिशीनंतर विस्मरण इतरांपेक्षा लवकर सुरू होऊ शकतं. तेव्हा त्याला रागावण्याआधी रक्त तपासून घेऊ.

आता कागद. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडीलसुद्धा कायद्यानं आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. दादासारख्या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा आहे, 1999 चा. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. सांगलीतच अर्ज करू. तुमच्यानंतर माझं नाव लागावं, अशी माझी इच्छा आहे.

बाबा, तुमची नोकरी पोस्टातली, म्हणजे केंद्राची. तुमच्यानंतर आईला आणि तिच्यानंतर दादाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी तो स्वतः कमावू शकत नाही, असं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. तुम्ही हयात असताना त्याचं नाव नोंदवता येतं आणि त्याच्यासाठी पालकही सुचवता येतो. नंतर त्याला घेऊन मी या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरण्यापेक्षा तुमच्या एका सहीनं हे सोपं होईल.

घराचंही सांगते. मला त्यात हिस्सा नको. मृत्युपत्र करून घर आणि ठेवी दादाच्या नावच्या ट्रस्टमध्ये ठेवा. मी विश्वस्त होईन, पण एकटी नको. माझं काही बरंवाईट झालं तर दुसरं कुणी हवंच. ह्यांच्याशी बोलले आहे, त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे.

राहता राहिलं, दादा कुठं राहील. माझ्याकडे पुण्याला, असं पटकन म्हणता येतं. पण आमच्याकडे तो लिफ्टला घाबरतो आणि तिसऱ्या दिवशी वर्कशॉपची पिशवी भरून दाराशी बसतो. त्याचा रोजचा रस्ता, वाण्याचं दुकान, मारुतीचं देऊळ, सगळं सांगलीत आहे. कुणी विश्वासाचं माणूस घरी राहील का, किंवा जवळपास चांगलं निवासी केंद्र आहे का, हे तुम्ही धडधाकट असतानाच बघू. दोन-चार दिवस राहून त्याला सवय होऊ दे. त्याला काय आवडतं, तेही त्यालाच विचारू. तो नीट सांगतो, थांबून ऐकावं लागतं.

संक्रांतीला रजा काढून येते. तोवर त्याचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र), आधार आणि जुने दवाखान्याचे कागद एका फाइलमध्ये काढून ठेवा. आणि बाबा, तुमची पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, कपाटात आहे की लॉकरमध्ये, तेवढं कळवा.

तुमची,
धाकटी