पीएलसीच्या पुढच्या कोर्सला निघालेल्या मित्राला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) मेंटेनन्स आणि ट्रबलशूटिंगच्या ॲडव्हान्स्ड कोर्ससाठी तुझं नाव लागलं हे वाचून फार आनंद झाला. जाण्याआधी काय वाचू, कुठल्या इन्स्ट्रक्शन पक्क्या करू, असं विचारलंयस. उत्तर जरा लांबणार आहे, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

इन्स्ट्रक्शन पाठ करत बसू नकोस. टायमर, काउंटर, कंपेअर तुला येतात. राहिलेलं हेल्पमध्ये सापडतं. या कोर्सला जायचं ते एकाच गोष्टीसाठी: लाइन बंद आहे, मागे चारजण उभे आहेत, प्रत्येकजण काहीतरी सुचवतोय, अशा वेळी बिघाडाची जागा पक्की होईपर्यंत काहीही न बदलता बघत राहता येणं. कार्ड बदलून पाहणं, प्रोग्रॅम पुन्हा डाउनलोड करणं, पॉवर बंद-चालू करणं, हे सगळं हाताला फार लवकर सुचतं. त्याने मशीन कधीकधी चालूही होतं, पण बिघाड का झाला याचा पुरावा तेवढ्यात पुसला जातो आणि आठवड्याभराने तोच बिघाड पुन्हा दारात उभा राहतो.

वर्षभर नीट चाललेला प्रोग्रॅम एका रात्रीत आपोआप बिघडत नाही. झिजतात त्या बाकीच्या वस्तू: लिमिट स्विच, हलत्या भागावरची केबल, टर्मिनलचा स्क्रू, रिलेचे कॉन्टॅक्ट, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर. म्हणून संशय आधी फील्डवर, म्हणजे पॅनेलबाहेरच्या सेन्सर-तारांवर आणि अशा झिजणाऱ्या वस्तूंवर घ्यायचा. प्रोग्रॅमवर घ्यायचा तो दोनच वेळा: कुणीतरी नुकताच बदल केला असेल तेव्हा, किंवा मशीनवर अशी परिस्थिती आली असेल जी पूर्वी कधी आलीच नव्हती.

आता लॅडरकडे, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम शिडीसारख्या ओळींत लिहायच्या पद्धतीकडे, वेगळ्या नजरेने बघ. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या भिंतीएवढ्या पॅनेलऐवजी काहीतरी हवं होतं आणि डिक मोर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हा सुरुवातीचा पीएलसी उभा केला. त्याचा प्रोग्रॅम रिलेच्या ड्रॉइंगसारखा दिसत होता, कारण तो वाचणारा माणूस पॅनेलसमोर उभा असलेला इलेक्ट्रिशियन होता. ऑनलाइन मॉनिटर (चालू प्रोग्रॅम लॅपटॉपवर थेट बघणं) हे तुझं मोजण्याचं उपकरणच आहे, मल्टिमीटरइतकंच. कुठला रंग बदलला आणि कुठला बदलायला हवा होता पण बदलला नाही, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

सिग्नलचा रस्ता डोळ्यांसमोर ठेव: सेन्सर, केबल, टर्मिनल, इनपुट कार्ड, इनपुट इमेज (इनपुटची मेमरीतली नोंद), लॉजिक, आउटपुट इमेज, आउटपुट कार्ड, फ्यूज, काँटॅक्टर, मोटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासत जाऊ नकोस, मध्येच घुस. मोटर सुरू होत नसेल तर आधी आउटपुट कार्डाचा एलईडी बघ. लागलेला असेल तर लॅपटॉप उघडायचीही गरज नाही, पुढे जा. नसेल तर मागे वळ. एका नजरेत निम्मा रस्ता बाद होतो. फक्त एक लक्षात ठेव. रिले आउटपुट कार्डावरचा एलईडी बहुतेक वेळा रिलेला आदेश गेला एवढंच सांगतो. आतला कॉन्टॅक्ट जळालेला असला तरी तो खुशाल लागतो. म्हणून टर्मिनलवर व्होल्टेज मोजल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही.

इनपुटच्या बाजूला एक गोष्ट मुद्दाम प्रयोग करून बघ. २४ व्होल्ट डीसीच्या साध्या इनपुटला मानकानुसार ५ व्होल्टच्या खाली शून्य आणि १५ व्होल्टच्या वर एक समजायचं असतं. मधल्या पट्ट्यात कार्ड काय वाचेल याची हमी कुणीच देत नाही. समज, टर्मिनलवर ११ व्होल्ट येतायत. जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेलंय, किंवा दोन तारांच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा गळतीचा करंट आहे. एक कार्ड ते एक वाचेल, दुसरं शून्य वाचेल. कार्ड बदललं, मशीन चाललं, सगळे म्हणाले कार्ड खराब होतं. कार्ड ठणठणीत होतं! म्हणून ‘व्होल्टेज आहे’ असं कधीच लिहू नकोस, आकडा लिही. आणि आकडा लोड असताना घे. सॉलेनॉइड ओढले जातात त्या क्षणी सप्लाय १९ वर बसत असेल, तर निवांत बसलेल्या मशीनवर मोजलेल्या २४ ला काही अर्थ नाही.

अॅनालॉगचं थोडक्यात. सेन्सरचं माप करंटने कळवणारा लूप ४ ते २० मिलीअँपिअर असतो तो तुटलेली तार आणि खरोखरचं शून्य वेगळं कळावं म्हणून. ४, ८, १२, १६, २० म्हणजे शून्य, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण, हे जिभेवर असू दे. सीमेन्सच्या कार्डात हीच रेंज ० ते २७६४८ होते, म्हणजे १२ मिलीअँपिअरला १३८२४ दिसायला हवेत. आकडा ३२७६७ ला चिकटून बसला असेल तर प्रोसेसमध्ये काही घडलेलं नसतं. तारेकडे आणि ट्रान्समीटरकडे बघ.

सगळ्यात जास्त वेळ मागून घे तो अधूनमधून येणाऱ्या बिघाडांसाठी. ॲडव्हान्स्ड शिक्षणाची कसोटी तिथे लागते. बंद पडलेलं मशीन तुझ्यासमोर उभं असतं, त्याला मोजता येतं. रात्री तीनदा थांबून आपोआप सुरू होणारं मशीन तू पोहोचतोस तेव्हा शहाण्यासारखं चालत असतं.

समज, एका मशीनच्या रन कंडिशनमध्ये गार्डचा दरवाजा, हवेचा दाब, मोटरचा ओव्हरलोड आणि ल्युब्रिकेशन असे चार कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये आहेत. मशीन थांबतं, स्क्रीनवर ‘एअर प्रेशर लो’ येतं. प्रेशर स्विच बदलतात, पुन्हा तेच. आता क्रम लावून बघ. दरवाज्याचा स्विच हादऱ्याने वीस-तीस मिलिसेकंद उघडला. रन गेलं. रन गेल्यावर मेन एअर व्हॉल्व्ह बंद झाला, दाब उतरला, प्रेशर स्विच पडला. दरवाजा तोवर पुन्हा ‘बंद’ दाखवतोय. स्क्रीनवर राहिला तो शेवटचा बळी, मूळ कारण केव्हाच निसटलं. माणसाच्या डोळ्यांना हा क्रम दिसणं शक्यच नाही. पण दर दहा मिलिसेकंदांनी स्कॅन करणाऱ्या पीएलसीला तो दिसतो. फक्त त्याने तो धरून ठेवावा असं आपण सांगायला हवं.

त्यासाठी ‘फर्स्ट-आउट’चं, म्हणजे सगळ्यात आधी पडलेलं कारण धरून ठेवणारं, लॉजिक लिहायला शीक. प्रत्येक कारणाला एक लॅच बिट, म्हणजे एकदा लागला की लागूनच राहणारा बिट. कारण पडलं आणि बाकीचा एकही लॅच लागलेला नसेल तरच तो लागायचा, आणि ऑपरेटरने रीसेट देईपर्यंत तसाच राहायचा. बिट रिटेन्टिव्ह मेमरीत (पॉवर गेली तरी टिकणाऱ्या) ठेव, सोबत वेळ नोंदव. दोन कारणं एकाच स्कॅनमध्ये पडली तर लॅडरमध्ये वरच्या ओळीतलं कारण जिंकतं, हे मात्र ध्यानात असू दे. चार-पाच ओळींचं काम आहे, पण त्याने मशीन स्वतःच साक्ष देतं. कितीतरी मशीनवर हे मुळातच का घालत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

याच्याच उलट एक सवय सगळीकडे दिसते. सीमेन्सच्या एस७-३०० मध्ये रिमोट रॅकशी (लांब बसवलेल्या इनपुट-आउटपुट कार्डांशी) संपर्क तुटला आणि ओबी ८६ (अशा बिघाडात आपोआप चालणारा प्रोग्रॅमचा ब्लॉक) प्रोग्रॅममध्ये नसेल तर सीपीयू स्टॉपला जातो. मग कुणीतरी रिकामा ओबी ८६ टाकून मोकळं होतं. सीपीयू चालू राहतो, रॅक तुटतोय हे कुणालाच कळत नाही. ओबी टाक, पण त्याच्या आत कुठला स्टेशन गेला याची नोंद आणि अलार्म लिही. आणि मशीनला हात लावण्याआधी डायग्नोस्टिक बफर (सीपीयूने ठेवलेली घटनांची नोंद) वाचून सेव्ह कर. कित्येक कंट्रोलरमध्ये पॉवर गेली की त्यातल्या काही नोंदी जातात. सीपीयूचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही त्याच वेळी बघून घे. वेळ चुकीची असेल तर ड्राइव्ह, स्क्रीन आणि सीपीयूच्या नोंदी एकमेकींशी जुळवताच येत नाहीत.

नेटवर्कच्या बिघाडांनाही लोक उगाच घाबरतात. प्रोफिबस नेटवर्कच्या जांभळ्या केबलवर टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) फक्त दोन टोकांना ऑन हवा. पॉवर बंद करून केबलच्या ए आणि बी तारांमध्ये रेझिस्टन्स मोज. २२० ओहमचे दोन समांतर, म्हणजे सुमारे ११० यायला हवेत. २२० च्या आसपास आले तर एक टोक उघडं आहे किंवा केबल मध्येच तुटली आहे. १२ मेगाबिटच्या वेगाला एक सेगमेंट १०० मीटरच्या पुढे जात नाही, हेही बघ. मशीन वाढवताना केबल वाढते आणि वेग कमी करायचं राहून जातं.

फोर्सबद्दल, म्हणजे लॅपटॉपवरून एखादा इनपुट-आउटपुट जबरदस्तीने चालू-बंद ठेवण्याबद्दल, कळकळीने सांगतो. लॅपटॉप काढून नेला तरी फोर्स कंट्रोलरमध्ये तसाच राहू शकतो. फोर्स करण्याआधी मशीनमध्ये कुणाचा हात आहे का ते स्वतः जाऊन बघ, केलेला प्रत्येक फोर्स कागदावर लिही आणि निघताना एकेक काढ. गार्डच्या स्विचला आणि इमर्जन्सी स्टॉपला जंपर कधीही टाकायचा नाही, प्रॉडक्शनचा कितीही दबाव असला तरी. या एका बाबतीत मी तुझ्याशी मैत्रीचा सगळा हक्क वापरून बोलतोय.

बॅकअपही तितकाच महत्त्वाचा. ऑनलाइन आणि ऑफलाइन प्रोग्रॅमची तुलना नेमाने करत जा. ज्या लॅपटॉपवरून ती करतोस तोही स्वच्छ हवा; २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने प्रोग्रॅमिंगच्या संगणकात शिरूनच सीमेन्सच्या कंट्रोलरमधले आपले बदललेले ब्लॉक लपवले होते. जुन्या सीपीयूची बॅटरी बदलताना पॉवर चालू ठेवायची, हे तुला ठाऊक असेलच.

शिकवणाऱ्यांकडे एक मागणी जरूर कर: रिगमध्ये (सरावाच्या मशीनमध्ये) आमच्या नकळत बिघाड घालून ठेवा आणि उत्तर सांगू नका. सैल फेरूल (तारेच्या टोकावरची टोपी), चुकीच्या प्रकारचा सेन्सर, बदललेला स्टेशन ॲड्रेस, एकाच आउटपुटला प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी कॉइल (आउटपुट चालू-बंद करणारा आदेश). (कॉइलचा बिघाड एकाच ओळीकडे बघत बसून सुटत नाही, क्रॉस-रेफरन्स, म्हणजे तो आउटपुट कुठेकुठे वापरलाय त्याची यादी, काढलास की क्षणात दिसतो, शेवटी लिहिलेली कॉइल जिंकत असते.) आणि दर वेळी मीटर लावण्याआधी काय आकडा येईल ते वहीत लिहून ठेव. वेगळा आला की थांब. एकतर बिघाड तिथेच आहे, नाहीतर मशीन कसं चालतं याची तुझी समजूत तिथे कच्ची आहे. दोन्ही सापडायलाच तू चाललायस.

रिग कुठल्या कंट्रोलरवर आहे ते कळलं की लगेच कळव. सीमेन्स असेल तर फॉल्ट ओबींचे माझे टिपण पाठवतो, दुसरा असेल तर फर्स्ट-आउटचं लॉजिक त्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून देतो. आणि पहिला लपवलेला बिघाड शोधलास की मला पायरीवार लिही. किती वेळात सापडला ते नको. काय बघितलंस, काय वाटलं होतं आणि काय निघालं, ते हवं.

तुझाच,
मित्र